पाठीखालचा हात

समुद्रकाठच्या त्या शहरात आलेला पाहुणा पहिल्या दिवशी काय करतो, तर हातात नकाशा घेऊन धावत सुटतो. सकाळी काचेच्या तळाची बोट, दुपारी मत्स्यालय, ऊन उतरलं की पॅराशूटला लटकून आरडाओरडा, आणि मधल्या वेळात लाईटहाऊसच्या पायऱ्या धापा टाकत चढायच्या आणि वर पोचल्यावर वाऱ्याने टोपी उडाली म्हणून हळहळायचं. त्या नकाशाच्या अगदी कोपऱ्यात, छापणाऱ्याची शाई संपत आली असावी अशा जागी, एक निळा ठिपका असतो. त्याखाली लिहिलेलं असतं, भरतीचं तळं. तिथवर फारसं कोणी पोचत नाही, आणि पोचलंच तर एक फोटो काढून परत फिरतं. बघण्यासारखं तरी काय असतं तिथे? ना डॉल्फिन, ना झेंडे, ना आईस्क्रीमची गाडी. कातळात काळ्या दगडाची भिंत घालून अडवलेलं समुद्राचं पाणी, उतरायला गंजकी शिडी, धरायला साखळी, आणि कंबरभर पाण्यात उभी असलेली एक जाडसर बाई.

ती बाई म्हणजे मावशी. कोणाची, तर सगळ्यांची. बँकेतल्या बाया, निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांसाठी डॉक्टरने पाण्यात पाठवलेल्या आजीबाई, नवऱ्याला पोहता येतं आणि आपल्याला येत नाही या धसक्याने लग्नाआधी धावत आलेल्या पोरी, सगळ्या तिला मावशीच म्हणायच्या. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं.

मुळात ती पोहायला शिकवायला आलीच नव्हती. नगरपालिकेने तिला ठेवली होती ती कपडे बदलायच्या खोल्या राखायला. फरशी पुसायची, खुंट्यांवर विसरलेले टॉवेल गोळा करायचे, नळाचं गोडं पाणी कोणी उगाच वाहू दिलं तर ओरडायचं. पण बाई होडीवाल्याच्या घरातली. चालायला कधी शिकली हे जसं कोणाला आठवत नाही, तसं पोहायला कधी शिकली हे तिला आठवत नव्हतं. तेव्हाचे मास्तर काठावर खुर्ची टाकून शिट्टी फुंकायचे, हुकूम सोडायचे, आणि बाया शिडी सोडायच्या नाहीत. रोज तोच तमाशा. एक दिवस मावशीला राहवलं नाही. हातातला झाडू भिंतीला टेकवला, कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि शिडीला चिकटलेल्या एका बाईच्या पाठीखाली हात घालून म्हणाली, आडव्या व्हा, मी धरलंय. बाई आडवी झाली. मास्तरांच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. झाडू जो त्या दिवशी भिंतीला टेकला तो टेकलाच.

तिची विद्या म्हणाल तर अगदी साधी होती. शरीर तरंगायला तयारच असतं, नाट लावतं ते डोकं. तेव्हा डोक्याला विश्वास ठेवायला काहीतरी द्यायचं. मावशी आपला रुंद, पाण्याने सुरकुतलेला तळवा पाठीच्या मधोमध लावायची आणि पेंगुळल्या आवाजात चालू व्हायची. धरलंय हं, धरलंय. आज काय केलं जेवायला? सासूचं दुखणं काय म्हणतंय? धरलंय, मान सैल सोडा. बाई सासूचं दुखणं सांगण्यात रंगली, की हात एक बोट खाली जायचा, मग चार बोटं, आणि मग सरळ मावशीच्या स्वतःच्या पाठीमागे. तोंड मात्र चालूच, धरलंय, धरलंय. मग मावशी हळूच वळसा घालून बाईच्या पायांशी जायची आणि दोन्ही हात पाण्याबाहेर काढून तिला दाखवायची. बाई किंचाळायची, बुडायची, खोकत उठायची आणि म्हणायची, मावशी, फसवलंत! आणि दुसऱ्या दिवसापासून तिला पोहता यायचं.

इतक्या बायांशी मावशी खोटं बोलली, पण एकीनेही तिला खोटारडी म्हटलं नाही. म्हटलं ते एकीनेच, आणि ती नेमकी पोटची लेक.

लेक तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. मावशीचं नाव होऊ लागलं होतं आणि त्या नावाची थोडी धुंदीही चढली होती. चढणारच, झाडूवरून मास्तरीणबाई झाली होती. काठावर बाया पाय सोडून बसल्या होत्या. मावशीने लेकीला पाण्यात घेतलं, आडवं केलं, धरलंय म्हणाली आणि हात काढला. पोरगी तरंगली. सुरेख तरंगली. काठावरून कोणीतरी टाळी वाजवली. त्या टाळीने पोरीला काय शंका आली कोण जाणे, तिने आपला एवढासा हात पाठीखाली नेऊन आईचा हात चाचपला. मोठ्या बाया असं कधी करत नाहीत. झोपेत आई शेजारी आहे ना हे बघणारी पोरंच असं करतात. तिथे हात नव्हता. पोरगी मधोमध दुमडली आणि तळाला गेली.

मावशीने तिला त्याच क्षणी उचललं. नाकातोंडात पाणी गेलं, यापलीकडे काही झालं नाही, आणि तेवढं त्या तळ्यावर रोज कोणाचं ना कोणाचं होतंच. पण पोरगी रडली नाही. दात वाजत होते, केस डोळ्यांवर आले होते, तशीच ती आईच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तू धरलंय म्हणाली होतीस."

मावशीला उत्तर सुचलं नाही, म्हणून ती हसली. ती हसली तशा काठावरच्या बायाही हसल्या. तेवढं हसायला नको होतं.

त्यानंतर लेक पाण्यात उतरली नाही. पाण्याला बघून मांजरासारखं अंग चोरते म्हणून बाबांनी तिचं नाव मनी ठेवलं आणि तेच घरात रूढ झालं. हे बाबा म्हणजे मावशीचे यजमान, लाईटहाऊसच्या दारात तिकिटं फाडणारे. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलूनही ज्यांची हौस फिटत नाही, अशातले. लाईटहाऊसच्या मागच्या दोन खोल्यांत तिघांचा संसार. भिंतींना खाऱ्या हवेचे पोपडे, खिडकीचे गज गंजून बारीक झालेले, आणि दोरीवर कायम मावशीची ढगळ चड्डी आणि टी-शर्ट वाळत. मनी मोठी झाली, शिकली, कामाला लागली, तरी तिथेच राहिली. लग्नाचं काय, असं विचारू नका. तिने ते आईबापालाच विचारू दिलं नाही, तिथे तुम्ही-आम्ही कोण?

घरात भांडण नव्हतं, उलट उत्तर नव्हतं. फक्त एक होतं. आई म्हणाली गॅस बंद केलाय, की मनी उठून बटण चाचपून येणार. आई म्हणाली मीठ घातलंय, की ही चमचा बुडवून बघणार. आई म्हणाली आभाळ भरून आलंय, छत्री ने, की ही आधी गॅलरीत जाऊन मान वर करणार आणि मग छत्री घेणार. मुद्दाम नाही करायची ती. तिच्या अंगातच भिनलं होतं. आणि दर वेळी मावशीला ते कुसळासारखं टोचायचं. सगळं शहर डोळे मिटून माझ्या हातावर आडवं पडतं, ती म्हणायची, आणि माझ्या घरात माझ्या मिठावर विश्वास नाही. बाबा म्हणायचे, अगं पण मीठ खरंच विसरतेस तू. ते वेगळं, असं मावशी म्हणायची.

आता नशिबाची चेष्टा बघा. ही मनी नोकरी कुठे करायची, तर समुद्रावर सहली नेणाऱ्या कंपनीत. किनाऱ्यावरच्या फुटपाथवर तिची काचेची टपरीवजा खोली होती. निळा इस्त्रीचा शर्ट घालून ती तिथे बसायची आणि लोकांना समुद्र विकायची. पाणी अगदी शांत आहे सर, घाबरायचं काही कारण नाही, असं दिवसातून कितीदा तरी म्हणायची, आणि स्वतः फुटपाथच्या कठड्यापलीकडे पाऊल टाकायची नाही. धीर द्यायला खोटं बोलायचं, आईचं रक्त कुठे जाणार? पण कामात हुशार होती, हे मान्य करायला हवं. बोटीला बिचकणारी म्हातारी माणसं तिच्याशी चार शब्द बोलली की निमूटपणे जॅकेट चढवायची. स्वतः भ्यायलेल्यालाच दुसऱ्याची भीती कुठे दुखते ते कळतं.

मग लोक फोनवरूनच सहली ठरवायला लागले आणि त्या काचेच्या खोलीचे दिवस भरले. साहेबांनी बोलावून सांगितलं, की डेस्क बंद होणार. मॅडमना सोडायचं नाही, पण आता पाहुण्यांबरोबर बोटीवर जावं लागेल. आणि बोटीवरच्या माणसाला जॅकेटशिवाय खुल्या पाण्यात पडून राहता आलं पाहिजे, एका बोटीपासून दुसरीपर्यंत येता आलं पाहिजे. हंगाम सुरू होण्याआधी परीक्षा.

दुसरी कोणी असती तर तिने दुसरी नोकरी शोधली असती. मनीने ती शोधली नाही, कारण तिला जायचं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण सकाळी पहिली बोट सुटताना ती हातातलं काम टाकून बघत बसायची. बोटी दिसेनाशा होईपर्यंत बघायची. परत आलेले लोक तिच्या काचेपाशी येऊन ओल्या केसांनी सांगायचे, की कासव दिसलं, की निळ्या माशांचा थवा अंगावरून गेला, आणि ती म्हणायची, हो ना, फारच छान असतं. जिने ते कधी पाहिलंच नाही तिच्या तोंडी ते शब्द शिळे व्हायला लागले होते.

तर शिकायचं ठरलं. आणि शिकायला ती गेली कुठे, तर हॉटेलातल्या टाइल्सच्या हौदावर, एका तरुण मास्तराकडे. घरात पत्ता लागू न देता.

मावशीला ते कळलं तळ्यातच. पाठीवर आडव्या असलेल्या एका बाईने गप्पांच्या ओघात सांगितलं, तुमच्या मुलीला हॉटेलात पाहिलं हो, काठाला धरून उभी होती. मावशीचा हात त्या दिवशी पहिल्यांदाच न ठरवता सुटला. बाई गटांगळी खाऊन उठली आणि हसली, तिला वाटलं ही नेहमीचीच गंमत. मावशी हसली नाही. तिला इतकं लागलं, की घरी जाऊन तिने कांदा चिरायला घेतला, भाजीत लागत नव्हता तरी. नाव मोठं आणि लेक परक्याच्या दारात, असं तिच्या मनात घोळत राहिलं. पण तोंडातून तिने चकार शब्द काढला नाही. कोणत्या तोंडाने काढणार?

तो मास्तर पोरगा भला होता. थोडे दिवस त्याने मनीची नखं सहन केली, कारण ती घाबरली की त्याचा गळाच धरायची. शेवटी हात जोडून म्हणाला, मॅडम, मला जमत नाही, पण भरतीच्या तळ्यावर एक मावशी आहेत, त्यांच्याकडे जाऊन बघा, त्यांचा हात फार चांगला आहे. आता काय बोलणार?

त्या संध्याकाळी मावशी दोरीवर कपडे टाकत होती. मनी दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली आणि भलतीकडेच बघत म्हणाली, की सकाळी पाणी कधी बरं असतं? मावशी म्हणाली, बाया यायच्या आधी. भरती नुकती उतरायला लागते तेव्हा. हातातला टी-शर्ट मावशीने तीनदा पिळला.

"एक अट आहे," मनी म्हणाली. "सोडायच्या आधी सांगायचं."

"सांगेन."

मनीने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि आत गेली. आणि तिथून मावशीची परीक्षा सुरू झाली, मनीची राहिली बाजूला. कारण झालं असं, की मावशीला हात सोडताच येईना. आयुष्यभर ज्या हाताने अलगद निसटायची कला केली, तो लेकीच्या पाठीला डिंक लावल्यासारखा चिकटला. एक हात पुरेना म्हणून तिने दुसरा लावला. दुसराही कमी वाटला म्हणून गुडघा लावला. मनी आधीच काठीसारखी ताठ, त्यात आईने तिला इतकं वर उचलून धरलेलं, की पोरीची पाठ पाण्याला लागतच नव्हती. तरंगायला आधी पाण्यात तर असावं लागतं! बाबा कामावर जाताजाता चहाचा थर्मास घेऊन भिंतीवर यायचे, त्यांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, अगं, तू तिला पोहायला शिकवतेयस की वाळत घालतेयस? मनीला हसू आलं. मावशीने मात्र त्यांच्याकडे असं बघितलं, की ते थर्मास विसरून निघून गेले.

दिवस जात होते, हंगाम जवळ येत होता. कंपनीच्या बोटींना नवा रंग लागला. मनी रोज सकाळी यायची, अंग चोरत शिडी उतरायची, ताठ पडायची आणि तशीच ताठ घरी जायची. मावशीला कळत होतं की दोष पोरीचा नाही, आपल्या हाताचा आहे. पण पोरीचं अंग पुन्हा मधोमध दुमडलेलं बघायची तिची हिंमत नव्हती.

आणि मग एका सकाळी ते जमायला लागलं. वारा पडला होता, पाणी काचेसारखं होतं. मनीचे कान पाण्याखाली गेले तरी ती बिचकली नाही. मान सैल पडली, मग खांदे, मग बोटं उघडली. मावशीच्या तळव्याला कळलं, पाठ मऊ झाली. इतक्या वर्षांनी लेक हातावर निवांत पडली होती. मावशीचं काळीज भरून आलं. आणि भरल्या काळजाने माणूस जे करतं तेच तिने केलं, सवयीचं बोलली. तोंडातून आपोआप निघालं, "धरलंय हं, धरलंय."

खरोखर धरलं होतं तिने. दोन्ही हातांनी. पण मनीने तो शब्द ऐकला मात्र, आणि तिचं अंग विळ्यासारखं वाकलं. तिने हातपाय झाडले, आईचा हात कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडून काढला, पाणी प्यायली आणि खोकत खोकत साखळी धरून उभी राहिली.

सांगणार होतीस, ती म्हणाली. मावशी शपथा घ्यायला लागली, अगं सोडलं नव्हतंच, तुझी शपथ, दोन्ही हातांनी धरलं होतं.

"ते मला कसं कळणार?" मनी म्हणाली. "तू सोडतेस तेव्हाही हेच म्हणतेस."

शिडी चढून ती निघून गेली. टॉवेलसुद्धा घेतला नाही.

मावशीने त्या दिवशी बायांना पोटात दुखतंय असं सांगून परत पाठवलं आणि कपडे बदलायच्या खोलीत, खुंट्यांखालच्या बाकावर बसून राहिली. पहिल्यांदा तिला राग आला. एका चुकीची शिक्षा माणसाने किती वर्षं भोगायची? मी काय तिला विहिरीत ढकललं होतं? इतक्या जणींना बुडवलं-उठवलं, कोणी मनात धरलं का? असं बरंच ती भिंतीला सुनावत होती. भिंत काही बोलली नाही. मग राग ओसरला आणि उरलं ते लेकीचं बोलणं. त्यात खोट काढता येईना. धरलं तरी तेच, सोडलं तरी तेच, मग त्या शब्दाला अर्थ काय राहिला? बाकीच्या बायांना तो शब्द पुरायचा, कारण त्यांना फसायचंच होतं. फसायचीच फी भरून यायच्या त्या. मनीने ती भरली नव्हती. ती आपली आईवर विसंबून आडवी झाली होती.

संध्याकाळी बाबांनी लाईटहाऊसवरच्या एका पाहुण्याची गंमत सुरू केली, निम्म्यात सोडली आणि उगाच रेडिओला फडकं मारायला गेले. मनी कपाटातून कापूस आणि लाल औषधाची बाटली घेऊन आली, आईसमोर जमिनीवर बसली आणि तिचा हात ओढून मांडीवर घेतला. ओरखड्यावर औषध लावायला लागली. मावशी म्हणाली, दुखत नाही. मनीने मान वर करून तिच्या तोंडाकडे बघितलं, नेहमीसारखीच, खातरजमा करायला.

"दुखतंय," मनी म्हणाली.

"हो, दुखतंय," मावशी म्हणाली. आणि तेवढं एक खरं बोलल्यावर पुढचं आपोआप आलं. "तेव्हा मी हसले ना, तू वर आलीस तेव्हा. ते चुकलं माझं. घाबरले होते गं. सगळ्या बघत होत्या, काय बोलावं सुचेना, म्हणून हसले."

मनीचा कापूस थांबला. ती म्हणाली, मला वाटलं तू विसरलीस. मावशी म्हणाली, कशी विसरेन. मग मनीने पुन्हा कापूस बुडवला आणि तो लांबलचक लाल पट्टा अगदी मनगटापर्यंत नेला, जिथे ओरखडा नव्हता तिथेही. बाबा रेडिओ पुसतच होते. त्या रेडिओवर एवढी धूळ उभ्या जन्मात बसली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बरोबरच निघाल्या. भरती उतरायला लागली होती, भिंतीवरून अधूनमधून एखादी चुकार लाट आत सांडत होती. मावशी आज काही बोलायचं नाही असं ठरवून आली होती. जेवायला काय, सासू कशी, काही नाही. मनी आडवी झाली, डोळे मिटले. मावशीने एकच हात लावला, एकच, आणि तोही हलका. पाठ हळूहळू मऊ झाली. काल झाली त्याहून जास्त. मावशीने मनाचा धडा केला आणि म्हणाली, आता सोडते. हं, असं मनी डोळे न उघडता म्हणाली.

मावशीने हात काढला.

"सोडलाय," ती म्हणाली.

मनी तशीच पडून होती. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीक हसू आलं. "खोटं," ती म्हणाली. "धरलंयस."

मावशी चकितच झाली. म्हणाली, नाही गं, खरंच सोडलाय. तर मनी म्हणते कशी, उगाच सांगू नकोस, मला लागतोय ना हात पाठीला, मला कळतं, तुला सोडवतच नाही. आणि ती आणखीच सैल पडली, पाय लांबवले, अगदी अंथरुणात पडल्यासारखी. आता मावशीने करावं काय? जन्मभर खोटं बोलली तर सगळ्यांनी खरं मानलं, आणि आज खरं बोलतेय तर पोरगी हसतेय. बरं, हसतेय आणि तरंगतेय!

शेवटी मावशी वळसा घालून पायांशी गेली, पाणीही हलू न देता. मनी, डोळे उघड, असं म्हणाली आणि दोन्ही हात वर केले. एका हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लाल औषधाचा पट्टा होता, तेव्हा ते कोणाचे याबद्दल शंकेला जागा नव्हती. मनीने ते बघितले. बघता बघता तिचं हसू गेलं. आणि तिचा हात हळूच पाठीखाली गेला आणि चाचपायला लागला, तेव्हा गेला होता अगदी तसाच. ती आता दुमडणार, आता गेली, असं वाटून मावशीचं पाऊल पुढे पडलंच होतं.

पण मनी दुमडली नाही. हात परत बाजूला आणला, पाण्यावर पसरला.

"मग मघापासून पाठीला काय लागतंय?" तिने विचारलं.

"पाणी," मावशी म्हणाली.

"नुसतं पाणीच?"

"पाणीच गं. मी इकडे आहे."

परीक्षेचं काय झालं, हे ज्यांना ऐकायचं असेल त्यांच्यासाठी सांगून टाकायला हवं. मनी पास झाली. दोन बोटींमधलं अंतर तिने इतक्या वेडगळ हातपायांनी कापलं, की बोटीवरची माणसं तोंड फिरवून हसली, पण कापलं. पुढे ती रोज पाहुण्यांबरोबर समुद्रावर जायला लागली आणि बिचकणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगायला लागली, की भीती वाटेल, मलाही वाटते, चला. आणि तळ्यावर मावशी बायांच्या पाठीखाली हात घालून धरलंय, धरलंय म्हणायची ती म्हणतच राहिली. ती विद्या तिने सोडली नाही, का सोडावी?

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मनी बराच वेळ तशीच पडून होती. मग एक चुकार लाट भिंतीवरून आली, नाकात पाणी गेलं, ती खोकत आपल्या पायांवर उभी राहिली आणि केस मागे सारून म्हणाली, "उद्या परत सोड."

मावशीने मान हलवली. तिने ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, दोनदा मारलं, आणि तरी डोळे थांबेनात तेव्हा तोंड फिरवून म्हणाली, डोळ्यांत खारं पाणी गेलं गं.

मनी शिडीपाशी पोचली होती. ती थांबली. इतक्या वर्षांच्या सवयीने तिची मान वळायला लागली, आईच्या तोंडाकडे बघायला. अर्धी वळली आणि तिथेच राहिली.

"बरं," ती म्हणाली, आणि शिडी चढून टॉवेल आणायला गेली.